छत्रपतींचे छत्र, पेशव्यांची वस्त्रे

शनिवारवाडा बघायला आलेले लोक दिल्ली दरवाज्यातून आत शिरतात, जोत्यांवरून फिरतात आणि हमखास विचारतात, "पेशव्यांचे सिंहासन नेमके कुठे होते?" वाड्याच्या इमारती 1828 च्या आगीत जळाल्या, त्यातच तेही गेले असावे, असे कोणीतरी सांगून टाकते. पण आगीचा इथे काही संबंध नाही. या वाड्यात सिंहासन कधी नव्हतेच. गादी होती, दरबार होता, अटकेपर्यंतच्या मोहिमांचे हिशेब इथे येत होते. सिंहासन मात्र साताऱ्याला होते.

छत्रपती आणि पेशवे यांची गल्लत पुण्यात जितकी होते तितकी क्वचितच कुठे होत असेल. कारण उघड आहे. अठराव्या शतकात सत्ता पुण्यातून चालली, आणि सत्ता जिथे दिसते तिथेच राजा असणार असे आपण गृहीत धरतो. ही गल्लत सोडवायची तर दोघांची चिन्हे शेजारी ठेवून पाहावीत.

आधी छत्र. 6 जून 1674 ला रायगडावर शिवाजी महाराजांना राज्याभिषेक झाला. महाराज त्याआधी कितीतरी वर्षे राज्य करत होते. किल्ले, फौज, महसूल सगळे त्यांच्या हाती होते. नव्हते ते एवढेच, की हे राज्य कोणाच्या मेहेरबानीवर चाललेले नाही याचा जाहीर, विधिपूर्वक उच्चार. तो अभिषेकाने, सिंहासनारोहणाने आणि डोक्यावर धरलेल्या छत्राने झाला. सोहळ्याला हजर असलेला इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झेंडन याने सिंहासनाच्या दोन्ही बाजूंची चिन्हे टिपून ठेवली आहेत: भाल्यांच्या टोकांवर सोन्याची मोठ्या दातांची मत्स्यमुखे, घोड्यांच्या शेपट्या, आणि न्यायाचे चिन्ह म्हणून सोन्याचा तराजू. युरोपात धर्मगुरू राजाच्या डोक्यावर मुकुट ठेवतो, तो तिथल्या सोहळ्याचा कळस. आपल्याकडे ते मोल अभिषेकाच्या पाण्याला आणि छत्राला होते. महाराजांची समकालीन चित्रे पाहा, डोक्याला तुरा खोवलेले, मोत्यांनी सजवलेले शिरोभूषण दिसते. युरोपीय धाटणीचा मुकुट नाही.

याच सोहळ्यात मोरोपंत पिंगळे मुख्य प्रधान म्हणून अष्टप्रधानांत उभे होते. पेशवे म्हणजे हेच पद. राजाच्या समोर उभे राहण्याचे, सिंहासनावर बसण्याचे नव्हे.

आता वस्त्रे. पेशव्याला अभिषेक होत नसे. छत्रपती त्याला प्रधानपदाची वस्त्रे आणि शिक्केकट्यार, म्हणजे पदाचा शिक्का आणि कट्यार, देत, आणि त्या क्षणापासून तो पेशवा. बाळाजी विश्वनाथांना ती 1713 मध्ये पुण्याजवळच्या मांजरीला मिळाली. बाजीरावांना 1720 मध्ये, नानासाहेबांना 1740 मध्ये, माधवरावांना 1761 मध्ये. पद भट घराण्यातच राहिले, पण बापाकडून मुलाकडे आपोआप गेले असे एकदाही मानले गेले नाही. प्रत्येक वेळी वस्त्रे छत्रपतींकडूनच यावी लागली.

हा निव्वळ उपचार होता, असे म्हणणाऱ्यांनी 1773-74 कडे पाहावे. 30 ऑगस्ट 1773 ला याच वाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. वाडा आणि खजिना त्यांचे काका राघोबादादा यांच्या ताब्यात होता. तरी त्यांना पेशवा म्हणवून घ्यायला साताऱ्याची वस्त्रे आणवावी लागली. पुढे बारभाईंनी, म्हणजे नाना फडणवीस आदी कारभाऱ्यांच्या मंडळाने, त्यांच्याविरुद्ध उभे राहून नारायणरावांचे पुरंदरावर जन्मलेले पुत्र सवाई माधवराव यांना पुढे केले, तेव्हा त्यांनीही तेच केले. अवघ्या चाळीस दिवसांच्या बाळासाठी साताऱ्याहून वस्त्रे आली. आणि ही वस्त्रे देणारे छत्रपती रामराजे स्वतः किती मोकळे होते? 1750 मध्ये ताराबाईंनी त्यांना साताऱ्याच्या किल्ल्यावर कैदेत टाकले होते, आणि त्यानंतर खरी सत्ता त्यांच्या हाती कधी आलीच नाही. मला या सगळ्या इतिहासात हीच गोष्ट सर्वांत विलक्षण वाटते: ज्याच्यापाशी फौज नाही, तिजोरी नाही, त्याच्या संमतीवाचून हिंदुस्थानातला सर्वांत बलाढ्य माणूस आपल्या पदावर बसू शकत नव्हता.

मुद्रा वाचल्या तर हे आणखी स्पष्ट होते. शिवाजी महाराजांची मुद्रा सांगते की प्रतिपदेच्या चंद्रकोरीप्रमाणे वाढत जाणारी ही शहाजीपुत्र शिवाची मुद्रा लोककल्याणासाठी शोभते. वडिलांचे नाव आहे, धन्याचे नाही. बाजीरावांच्या मुद्रेची सुरुवातच "श्री राजा शाहू नरपती हर्षनिधान" अशी होते, आणि बाजीराव बल्लाळ मुख्य प्रधान त्याखाली येतात. माधवरावांच्या मुद्रेत त्याच जागी रामराजांचे नाव आहे. पुण्यातून गेलेल्या प्रत्येक हुकमावर, सनदेवर आधी राजाचे नाव उमटत होते. इंग्लंडमध्येही मुकुट राजाचा असतो आणि मोठ्या खात्यांच्या मंत्र्यांना अधिकार मिळतो तो राजाने हाती दिलेल्या शिक्क्यांनी. शिक्केकट्यारीची जात तीच.

1792 मध्ये हे सगळे एकदा पणाला लागले. महादजी शिंदे दिल्लीच्या बादशहाकडून वकील-इ-मुतलक (बादशहाचा सर्वाधिकारी प्रतिनिधी) या पदाची वस्त्रे आणि मानचिन्हे घेऊन पुण्यात आले, सवाई माधवरावांना ती द्यायला. नाना फडणवीसांना हे रुचले नाही. पेशव्याच्या अंगावर दुसऱ्या दरबाराची वस्त्रे चढली तर तो नोकर कोणाचा? शेवटी साताऱ्याच्या छत्रपतींची रीतसर परवानगी घेतली, मगच समारंभ झाला. त्या काळच्या पुण्यातल्या कारभाऱ्यांना फरक पक्का ठाऊक होता. आपणच तो विसरलो आहोत.

इंग्रजांनाही तो ठाऊक होता, आणि त्यांनी तो आपल्या फायद्यासाठी वापरला. 17 नोव्हेंबर 1817 ला शनिवारवाड्यावर त्यांचे निशाण चढले. पुढच्या वर्षी दुसरे बाजीराव शरण आले. त्यांना सालीना आठ लाखांची नेमणूक देऊन बिठूरला पाठवले आणि पेशवेपद कायमचे रद्द केले. छत्रपतींना मात्र त्यांनी तसे केले नाही. प्रतापसिंह महाराजांना साताऱ्याला छोटे राज्य देऊन गादीवर बसवले. पद मोडता आले, छत्राला हात लावायला त्यांनी आणखी तीस वर्षे घेतली: 1848 मध्ये दत्तक नामंजूर करून साताराही खालसा केला.

त्यानंतर वस्त्रे द्यायला साताऱ्यात कोणी उरले नव्हते. तरीही 1858 च्या जूनमध्ये ग्वाल्हेर हाती आल्यावर रावसाहेब आणि तात्या टोपे यांनी दरबार भरवून दुसऱ्या बाजीरावांचे दत्तक पुत्र नानासाहेब यांच्या नावाने द्वाही फिरवली, ती पेशवे म्हणूनच.