पाकिटावर तारे नकोत, इशारा हवा

पाकीटबंद खाद्यपदार्थांच्या मागच्या बाजूस पोषणमूल्यांचा तक्ता छापलेला असतो. आहारतज्ज्ञ म्हणून काम करताना माझे असे ठाम मत झाले आहे की, सध्याच्या स्वरूपात हा तक्ता बहुसंख्य ग्राहकांच्या उपयोगी पडत नाही आणि त्याचा दोष ग्राहकांकडे जात नाही. समजा, इन्स्टंट नूडल्सच्या पाकिटावर दर १०० ग्रॅममागे १,२०० मिलिग्रॅम सोडियम असे लिहिले आहे आणि पाकीट ७० ग्रॅमचे आहे. याचा अर्थ एका पाकिटात ८४० मिलिग्रॅम सोडियम आहे. त्याला अडीचने गुणले की मिठाचे प्रमाण मिळते, ते २.१ ग्रॅम भरते. प्रौढ माणसाने दिवसभरात ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे, ही जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस ध्यानात घेतली, तर दिवसाच्या मर्यादेपैकी ४२ टक्के मीठ त्या एका खाण्यातच पोटात जाते. एवढे गणित किराणा दुकानाच्या गर्दीत कोणी करावे, अशी अपेक्षा ठेवणेच मला अन्यायाचे वाटते.

आपल्या नियमांनुसार प्रत्येक सर्व्हिंगमागे, म्हणजे एका वेळी खायच्या प्रमाणामागे, दैनंदिन गरजेच्या किती टक्के घटक मिळतात, हेही छापावे लागते. पण ही टक्केवारी काढताना अतिरिक्त, म्हणजे पदार्थात वरून घातलेल्या, साखरेची मर्यादा दिवसाला ५० ग्रॅम धरली जाते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली दिलेल्या मार्गदर्शनानुसार अशी साखर एकूण उष्मांकांच्या १० टक्क्यांहून कमी असावी, आणि ५ टक्क्यांहून कमी ठेवल्यास अधिक लाभ होतो. २,००० किलोकॅलरींच्या आहारात ५ टक्के म्हणजे २५ ग्रॅम साखर. म्हणजे ज्या पेयात २० ग्रॅम अतिरिक्त साखर आहे, त्याच्या पाकिटावर ४० टक्के असा आकडा दिसेल. आपण २५ ग्रॅमांचे बंधन पाळत असू, तर तोच आकडा ८० टक्के होतो. शिवाय सर्व्हिंग म्हणजे किती, हे उत्पादक ठरवतो, आणि छोट्या पाकिटातले अर्धेच पदार्थ खाऊन उरलेले बाजूला ठेवणारी माणसे मला क्वचितच भेटतात.

पाकिटाची दर्शनी बाजू मात्र जाहिरातीच्या ताब्यात असते. सध्या तेथे प्रोटीनची चलती आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या शिफारशीनुसार निरोगी प्रौढाला दररोज शरीराच्या दर किलो वजनामागे सुमारे ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात, आणि आपल्याकडे अनेकांच्या ताटात डाळी-उसळींचे प्रमाण कमी असते, हे खरे आहे. परंतु बिस्किटात किंवा चिप्समध्ये प्रथिनांची पूड मिसळल्याने त्यातील साखर, मीठ आणि तेल कमी होत नाही. ‘साखर घातलेली नाही’ या दाव्याचेही तसेच आहे. पिष्टापासून तयार होणारे माल्टोडेक्स्ट्रिन तक्त्यात साखर म्हणून मोजले जात नाही, तरी रक्तातील ग्लुकोज ते झपाट्याने वाढवते. म्हणून मी माझ्याकडे येणाऱ्यांना आधी घटकांची यादी पाहायला सांगते. ती वजनाच्या उतरत्या क्रमाने द्यावी लागते, त्यामुळे पहिली तीन नावे बरेच काही सांगून जातात.

धोरणाचा खरा प्रश्न दर्शनी बाजूचा आहे. भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने सप्टेंबर २०२२ मध्ये जो मसुदा काढला, त्यात पाकिटाच्या दर्शनी बाजूवर अर्ध्यापासून पाचपर्यंत तारे देण्याची पद्धत सुचवली होती (जितके तारे जास्त, तितका पदार्थ आरोग्याला चांगला), आणि ती पहिली चार वर्षे ऐच्छिक राहणार होती. या पद्धतीला माझा विरोध आहे. त्यात उष्मांक, साखर, सोडियम आणि संपृक्त मेद (सॅच्युरेटेड फॅट) यांचे उणे गुण धरायचे, आणि तंतू (फायबर), प्रथिने, फळे, कडधान्ये, भरडधान्ये यांचे अधिक गुण मिळवून त्यांची बेरीज करायची, असा हिशेब आहे. शरीर मात्र असा हिशेब करत नाही. पदार्थात थोडे तंतू मिसळले म्हणून त्यातील जास्तीच्या सोडियमचा रक्तदाबावर होणारा परिणाम पुसला जात नाही. एका आकड्यात सगळे मिसळले की मधुमेह असलेल्या माणसाला साखर दिसत नाही, रक्तदाब असलेल्याला मीठ दिसत नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार भारतात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे. या देशात पाकिटावर साखर वेगळी दिसलीच पाहिजे.

चिलीने २०१६ पासून वेगळा मार्ग धरला. तेथे साखर, सोडियम, संपृक्त मेद किंवा उष्मांक ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त असले, तर त्या प्रत्येक घटकासाठी काळा अष्टकोनी इशारा छापावा लागतो. मर्यादा तीन टप्प्यांत कडक होत गेल्या. २०१९ पासून घन पदार्थांसाठी दर १०० ग्रॅममागे १० ग्रॅम साखर आणि ४०० मिलिग्रॅम सोडियम ही सीमा आहे. इशारा असलेल्या पदार्थांची मुलांसाठी जाहिरात आणि शाळांमधील विक्री यांवरही बंदी आली. पहिल्या टप्प्यानंतर झालेल्या अभ्यासात इशारा लागलेल्या पेयांची खरेदी सुमारे २४ टक्क्यांनी घटल्याचे आढळले. एक काळजीही तेथूनच कळते. साखर काढून कृत्रिम गोडी घालणे उत्पादकांना सोपे पडते. मेक्सिकोने मात्र २०२० च्या नियमांत अशा गोडीसाठी, ती मुलांना देऊ नये, अशी वेगळी सूचना सक्तीची केली. आपल्याकडेही ती असावी.

अशा इशाऱ्याने आपले पापड, लोणचे आणि तूपही बदनाम होईल, असा आक्षेप घेतला जातो. तो मी गंभीरपणे घेते, कारण लोणचे जेवताना चमचाभर खाल्ले जाते आणि नूडल्स पाकीटभर. पण पापडात सोडियम भरपूर असते, ही गोष्ट रक्तदाबाच्या रुग्णाला कळणे ही बदनामी नव्हे. ज्या पदार्थांत एकच घटक असतो, जसे तूप किंवा साखर, त्यांना सूट देता येते.

सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये दर्शनी लेबलबाबतच्या शिफारशी तीन महिन्यांत मागवल्या होत्या आणि नंतर मुदत वाढवून दिली. या चर्चेत भाषेचा मुद्दाही यायला हवा. केंद्रीय नियमांनुसार लेबलवरची माहिती इंग्रजीत किंवा हिंदीत दिली की पुरते. मराठी ऐच्छिक आहे. शाकाहारी पदार्थाचा हिरवा ठिपका मात्र अक्षरओळख नसलेल्यालाही समजतो, कारण तो सक्तीचा आहे, सर्वत्र सारखा आहे आणि एकच गोष्ट सांगतो. साखर, मीठ आणि मेद यांच्या इशाऱ्यासाठीही याच तीन अटी लागू कराव्यात, अशी माझी मागणी आहे.