पॅलेस्ट्रा म्हणजे तालीम, मग आत बास्केटबॉल कसा?

पॅलेस्ट्रा म्हणजे अमेरिकेत, फिलाडेल्फियातल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या मालकीचा इनडोअर हॉल. कॉलेज बास्केटबॉलवाले त्याला कॅथेड्रल, म्हणजे मोठं देऊळच, म्हणतात, ते बरोबरच आहे, पण आपण बेळगावकडची माणसं आधी अडतो ती नावावर. ग्रीकमध्ये 'पाले' म्हणजे कुस्ती, त्यावरून पॅलेस्ट्रा, म्हणजे सरळ सरळ तालीम की ओ! आणि आत बघावं तर ना माती ना हौदा, लाकडी फ्लोअर आणि दोन बास्केट. विद्यापीठाच्या कुस्त्या होतात तिथं, मॅटवर, पण हॉलचं नाव झालं ते बास्केटबॉलनंच.

नाव सुचवलं विद्यापीठातल्याच ग्रीकच्या प्राध्यापकांनी. त्यांचं म्हणणं, जुन्या ग्रीसात जिम्नॅशियमला लागून एक बंदिस्त चौक असायचा, तिथं पोरं झुंजायची आणि लोक बघायचे. ह्यात थोडी ओढाताण आहे असं मला वाटतं, कारण पॅलेस्ट्रा ही मुख्यतः सरावाची जागा, मोठ्या स्पर्धा स्टेडियमकडं. आपल्याकडं हा फरक लहान पोराला पण कळतो. वडगाव-शहापूरच्या गल्लीतल्या तालमीत वस्तादासमोर घाम गाळायचा आणि कुस्ती आनंदवाडीच्या आखाड्यात, तालीम वेगळी नि मैदान वेगळं. त्या हिशोबानं त्यांनी मैदानाला तालीम म्हटलंय. पण आपण तरी कुठं शहाणे, 'जिमखाना' हा शब्द मुळात गेंदखाना होता आणि साहेबानं त्याचं जिम केलं असं सांगतात, तरी आपण खुशाल वापरतोच.

असो. हॉल सुरू झाला 1 जानेवारी 1927 ला, पहिल्याच मॅचमध्ये यजमानांनी येल विद्यापीठाला 26-15 नं हरवलं, आणि तेव्हा दहा हजाराच्या आसपास पब्लिक होतं. छत कमानींवर तोललेलं, मध्ये खांब नाही, त्यामुळं कुठंही बसा, कोर्ट दिसतंच. बाकडी पार कोर्टाच्या कडेपर्यंत, गावच्या कुस्ती मैदानात हौद्याभोवती माणसं मांडी घालून खेटून बसतात ना, तसंच.

खरी मजा 1955 नंतरची. शहर-परिसरातली पाच कॉलेजं एकत्र आली, बिग फाइव्ह. ठरलं असं की आपापसातल्या मॅचेस सगळ्या इथंच खेळायच्या आणि गेटचे पैसे वाटून घ्यायचे. एका संध्याकाळी दोन-दोन मॅचेस, आपल्या टीमची पहिली बास्केट पडली की स्टँडमधून कागदी फिती कोर्टावर, समोरच्यांना टोमणे मारणारे लांबलचक बॅनर हातोहात पुढं सरकवत न्यायचे, आणि मग कोर्ट झाडून पुन्हा खेळ सुरू. फिती 1980 च्या दशकात नियमानं बंद झाल्या.

त्याच दशकात करारही सैल झाला. 1986 पासून कॉलेजं घरच्या मॅचेस आपापल्या हॉलमध्ये नेऊ लागली, एकानं तर त्याच साली नवा हॉल उघडला. 1991 ला सगळ्यांनी सगळ्यांशी खेळायचं हेच मोडलं. टीव्ही, लीगचं वेळापत्रक, घरच्या तिकिटांचा पैसा, कारणं खरी असतील, नाही म्हणत नाही, पण भाड्याच्या घरात मोठं झालेल्यांनी स्वतःचं घर होताच पाठ फिरवली असंच ते दिसतं. 1999 ला परत सगळे सगळ्यांशी खेळू लागले, पण सगळ्या मॅचेस काही पॅलेस्ट्रात परतल्या नाहीत.

2023 ला सहावं कॉलेज घेतलं, नाव मात्र बिग फाइव्हच ठेवलं (हिशोब कोण विचारतो). स्पर्धेच्या शेवटच्या तीन मॅचेस, फायनलसकट, एकाच दिवसात, शहरातल्या प्रोफेशनल बास्केटबॉल टीमच्या वीस हजारी हॉलमध्ये. पॅलेस्ट्रात आता पावणेनऊ हजारांच्या आत माणसं बसतात, आणि पुढच्या बाकड्यावरच्याला पाय आखडूनच बसावं लागतं.