टेरिकॉटची पूर्वपीठिका: आम्ल, अल्कोहोल आणि एस्टर

सोलापूरची ओळख सुती चादरीची. पण आज इथे शाळेच्या गणवेशांची शिलाईही मोठ्या प्रमाणावर चालते आणि त्या कापडात पॉलिस्टर बहुतेक असतंच. शंका आली की जुना व्यापारी ठाणातला धागा ओढून काडी लावतो. सूत असेल तर कागद जळाल्यासारखा वास येतो, मऊ राख पडते. पॉलिस्टर आकसतं, वितळतं, काळा धूर सोडतं. गार झालं की टोकाला टणक मणी उरतो.

या मण्याचं रसायन दहावीच्या प्रयोगातलंच. इथेनॉल आणि इथेनॉइक आम्ल एकत्र करून, थेंबभर सल्फ्युरिक आम्ल घालून तापवलं की गोड वासाचा एस्टर मिळतो. फ्रान्समध्ये काउंट लोरागे यांनी हा पदार्थ 1759 मध्येच बनवला होता. खोच एवढीच की सोबत पाणीही तयार होतं, आणि ते तिथेच राहिलं तर एस्टर फुटून पुन्हा आम्ल आणि अल्कोहोल होतं.

आम्लाला दोन टोकं असली आणि अल्कोहोललाही दोन, तर जोडणी थांबत नाही, साखळी वाढत जाते. एस्टर बंधांची ही लांब साखळी म्हणजेच पॉलिस्टर. अमेरिकेत ड्यूपाँ कंपनीत वॉलेस कॅरोदर्स यांच्या गटाने हेच केलं. पाणी निर्वातात ओढून काढलं, साखळ्या लांबवल्या. 1930 मध्ये ज्युलियन हिल यांनी वितळलेल्या पॉलिस्टरमधून तार ओढली. ती गार झाल्यावर ताणली तर आणखी मजबूत झाली. पण हे धागे थोड्या उष्णतेनेच वितळत, इस्त्रीची तर बातच सोडा. गटाने एस्टर बाजूला ठेवला, अमाइड (नायट्रोजन असलेला बंध) धरला आणि त्यातून नायलॉन आलं.

माझ्या मते इथे बिचाऱ्या एस्टर बंधावर उगाच ठपका आला. दोष होता आम्लाच्या लवचीक, सरळ साखळीचा. 1941 मध्ये इंग्लंडमधल्या कॅलिको प्रिंटर्स असोसिएशनचे व्हिनफिल्ड आणि डिक्सन यांनी टेरेफ्थॅलिक आम्ल घेतलं, ज्याच्या मधोमध बेंझिनचं ताठ कडं आहे, आणि ते इथिलीन ग्लायकॉल या दोन टोकांच्या अल्कोहोलशी जोडलं. बंध तोच, पण हा धागा वितळायला साधारण 260 अंश सेल्सिअस लागतात. तेच टेरिलीन, अमेरिकेत डेक्रॉन. आपल्याकडे टेरिन आलं, सुताशी मिसळून टेरिकॉट झालं आणि घडी न मोडणाऱ्या पँटींनी एक पिढी भारावून गेली.

ग्लायकॉल बहुतेक खनिज तेलातून येतं, पण मळीच्या इथेनॉलपासूनही बनतं. उत्तराखंडात काशीपूरला तसा कारखाना आहे. आपल्या जिल्ह्यातल्या डिस्टिलऱ्यांचं इथेनॉल मात्र मुख्यतः पेट्रोलमध्ये मिसळायला जातं.

गंमत अशी की सूतही अल्कोहोलच्या गटांनी भरलेलं असतं. सेल्युलोजच्या प्रत्येक ग्लुकोज घटकावर तीन मोकळे हायड्रॉक्सिल गट, म्हणून सूत हवेतूनच वजनाच्या सुमारे 8 टक्के ओलावा धरतं. पॉलिस्टरमध्ये हे गट एस्टर बनवण्यात खर्ची पडलेले. तिथे ओलावा जेमतेम 0.4 टक्के. सोलापूरच्या एप्रिलमध्ये निव्वळ पॉलिस्टरचा शर्ट अंगाला का चिकटतो, याचं कारण हेच. रंगाऱ्यांनाही दोन वेगळे संसार करावे लागतात: सुताला त्याचे रंग साध्या टाकीत बसतात, पॉलिस्टरला मात्र डिस्पर्स (पाण्यात जवळजवळ न विरघळणारे) रंग बंद यंत्रात, दाबाखाली, 130 अंशांच्या आसपास द्यावे लागतात.