यीस्टमधील डीएनए : प्रथिनांचा प्रवेश

यीस्टच्या पेशीत डीएनए हिस्टोन प्रथिनांभोवती घट्ट गुंडाळलेला असतो. जनुके चालू-बंद करणारी प्रथिने त्याच्यापर्यंत पोहोचतात कशी, हा रेणवीय जीवशास्त्रातला कळीचा प्रश्न. लातूर-धाराशिवकडच्या साखर कारखान्यांच्या डिस्टिलरीत मळी आंबवतात ती सॅकरोमायसीस सेरेव्हिसी या जातीच्या यीस्टने, आणि या प्रश्नाचा मोठा उलगडाही त्याच जातीवर झाला. त्यातला सर्वांत सुंदर धागा तर मळीतल्या साखरेपाशी, म्हणजे सुक्रोजपाशीच जातो.

या यीस्टच्या १६ गुणसूत्रांत सुमारे १ कोटी २० लाख बेसजोड्या, म्हणजे डीएनएच्या शिडीच्या पायऱ्या, असतात. १४७ बेसजोड्यांचा तुकडा आठ हिस्टोनांच्या गाभ्याला सुमारे १.६५ वेढे घालतो, हा न्यूक्लिओसोम. आकृत्यांत तो कायमचा बांधून टाकल्यासारखा दिसतो, पण फेट्याचे टोक सैल पडावे तसा त्याचा कडेचा भाग क्षणभर आपोआप सुटतो आणि पुन्हा बसतो. तेवढ्यात एखादे प्रथिन तिथे जागा धरते. शिवाय बहुतेक जनुकांच्या सुरुवातीच्या अलीकडे सुमारे १५० बेसजोड्यांचा पट्टा जवळपास उघडाच असतो. रेब१, एबीएफ१, रॅप१ ही प्रथिने तो उघडा राखायला मदत करतात.

आतली जागा मोकळी करायला मात्र ऊर्जा लागते. सुक्रोज फोडणारे इन्व्हर्टेज हे विकर एसयूसी२ जनुकापासून बनते. ग्लुकोज भरपूर असले की हे जनुक जवळजवळ बंद असते, संपत आले की जागे होते. काही उत्परिवर्तित यीस्टना मात्र सुक्रोजवर वाढताच येईना. बिघडलेली जनुके शोधली, तेव्हा एटीपी (पेशीचे ऊर्जा पुरवणारे रेणू) खर्चून न्यूक्लिओसोम सरकवणारे व काढून टाकणारे स्वि/स्निफ हे प्रथिनसंकुल हाती लागले. १९९२ मध्ये स्वि/स्निफ बिघडलेल्या यीस्टमधील एच२ए-एच२बी या हिस्टोनांच्या जनुकांची एक जोडी काढून टाकली, तर एसयूसी२ बऱ्याच अंशी पुन्हा चालू झाले. अडसर हिस्टोनांचाच होता, याचा इतका सरळ पुरावा विरळाच.

पीएचओ५ जनुकातही असेच घडते. फॉस्फेट कमी पडले की पीएचओ४ प्रथिन आधी उघड्या जागेवर बसते. त्याची दुसरी जागा न्यूक्लिओसोमखाली दडलेली असते. प्रवर्तकावरचे, म्हणजे जनुक चालू करणाऱ्या डीएनएच्या पट्ट्यावरचे, चार न्यूक्लिओसोम हटले की तीही मिळते.

स्वि/स्निफविना यीस्ट रखडत का होईना जगते. त्याचेच भावंड असलेले आरएससी संकुल काढले, तर पेशी मरते.