पार्श्वभूमी : ‘बिंदू चौकात या!’

कोल्हापुरात दोन पुढाऱ्यांचं बिनसलं की हे आव्हान ठरलेलं : ‘बिंदू चौकात या, होऊन जाऊ दे!’ परगावच्या माणसाला ती मारामारीची हाक वाटते. अर्थ साधा आहे. आरोप केलास ना, मग कागद घेऊन चारचौघांत ये आणि उत्तर ऐकून जा. हल्ली समोरच्याच्या आधी पोलिसांचा बंदोबस्तच पोहोचतो, ते सोडा.

इथली बोली रांगडी. राजकारणातली सभ्यता गोड बोलण्यावर मोजली, तर कोल्हापूर कायम नापास. या गावानं तिचं माप घेतलं ते चहाच्या कपावरून. पाण्याला शिवले म्हणून मार खाल्लेल्या गंगाराम कांबळे यांना राजर्षी शाहू महाराजांनी हॉटेल काढायला भांडवल दिलं. गिऱ्हाईक फिरकेना. मग महाराजांचीच गाडी दारात थांबू लागली. महाराज चहा मागवत, स्वतः पीत आणि सोबतच्या उच्चवर्णीय मंडळींनाही पाजत. महाराजांसमोर ‘नको’ म्हणणार कोण?

२१ आणि २२ मार्च १९२० रोजी कागल जहागिरीतल्या माणगावात अस्पृश्यांची परिषद भरली. अध्यक्ष होते २८ वर्षांचे भीमराव आंबेडकर. छत्रपती स्वतः तिथं गेले आणि तुम्हाला तुमचा पुढारी सापडला, असं लोकांना सांगून आले. राजानं दुसऱ्याला पुढारी म्हणणं ही त्या काळात लहान गोष्ट नव्हती.

पुढे २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी बजावलं, की सनदशीर मार्ग खुले असताना इतर मार्ग म्हणजे अराजकाचं व्याकरण. त्यानंतर वर्षभरानं, ९ डिसेंबर १९५० ला, समाजसुधारक भाई माधवराव बागलांच्या पुढाकारानं बिंदू चौकात महात्मा फुले आणि आंबेडकरांचे पुतळे उभे राहिले. बाबासाहेब तेव्हा हयात होते. व्यक्तिपूजेचा धोकाही त्यांनी त्याच भाषणात सांगितला होता, हा भाग वेगळा. 

या पुतळ्यांच्या साक्षीनं चौकात डाव्यांच्या, शेतकरी कामगार पक्षाच्या किती सभा झाल्या याची गणती नाही. कम्युनिस्ट नेते गोविंद पानसरे याच शहरात बोलत राहिले, विरोधकांच्या मुद्द्यांना मुद्द्यानं उत्तर देत राहिले. १६ फेब्रुवारी २०१५ च्या सकाळी फिरून परतताना त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. २० तारखेला ते गेले. पुढे दर महिन्याच्या २० तारखेला कोल्हापूरकर पहाटे एकत्र फिरायला निघू लागले.