मत्तय 18 : शेवटच्या वाक्याआधी काय आहे

ख्रिस्ती मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, कुणावर कारवाई करायची वेळ आली की बायबलच्या नव्या करारातल्या मत्तयाच्या शुभवर्तमानातली 18:15-17 ही वचने हमखास काढली जातात. बंधूने तुझा अपराध केला तर आधी एकट्याने जा आणि दोघेच असताना त्याची चूक त्याला दाखव. ऐकले नाही तर आणखी एकदोघांना सोबत ने. तरीही नाही, तर मंडळीला सांग. तिचेही ऐकले नाही, तर तो तुला परराष्ट्रीय (यहुदी नसलेला) आणि जकातदारासारखा, म्हणजे त्या काळी लोक ज्यांना दूर ठेवत त्यांच्यासारखा. लोकांच्या लक्षात राहते ते हे शेवटचे वाक्य. ते एकटे वाचले की वाळीत टाकायला आधार मिळतो, आणि त्यातून किती घरे दुखावली गेली!

या रीतीची मुळे जुन्या करारात आहेत. लेवीय 19:17 सांगते, मनात बंधूचा द्वेष धरू नको, त्याला समज दे. ‘शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर’ ही आज्ञा लगेच पुढच्या वचनात येते. दोन-तीन साक्षीदारांची अट अनुवाद 19:15 मधली. मृत समुद्राकाठच्या कुमरानच्या गुहांत 1947 साली सापडलेल्या गुंडाळ्यांत एका यहुदी पंथाची, येशूच्या आधीची नियमावली आहे. तिच्यातही साक्षीदारांसमोर समज दिल्याशिवाय कुणाची तक्रार सभेपुढे न्यायला मनाई आहे. मालमत्तेबद्दल जाणूनबुजून खोटे बोलणाऱ्याला वर्षभर पंथाच्या शुद्ध भोजनापासून दूर ठेवायचे आणि त्याचा शिधा चौथ्या हिश्श्याने कमी करायचा, इतके बारीक नियम तिथे आहेत.

मत्तय मात्र दंड ठरवत नाही. या वचनांच्या आधी हरवलेल्या मेंढराचा दृष्टांत आहे. नंतर येशूचा शिष्य पेत्र विचारतो, सात वेळा क्षमा करू काय, आणि उत्तर येते, सातांच्या सत्तर वेळा. शिवाय ज्याच्या नावाने हे शुभवर्तमान ओळखले जाते तो मत्तय स्वतः जकातदार होता. येशूने त्याला नाक्यावरून उठवले आणि जकातदारांच्या पंगतीला बसून जेवला. जकातदारासारखे वागवणे म्हणजे कायमचे दार लावणे, असा अर्थ मला तरी इथे लागत नाही.

पुढे चुकलेल्यांना परत घ्यायचे की नाही हा प्रश्न सर्वांत तीव्र झाला तो तिसऱ्या शतकात. सम्राट डेशियसने इ.स. 250 मध्ये सर्वांना रोमन देवांना बळी अर्पण करण्याचा हुकूम काढला. जिवाच्या भीतीने काही ख्रिस्ती लोकांनी बळी दिला, काहींनी पैसे देऊन बळी दिल्याचा नुसता दाखला मिळवला. छळ ओसरल्यावर ते परत आले. रोममध्ये नोव्हेशियन या धर्मगुरूने त्यांना घ्यायला साफ नकार दिला. उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजचा बिशप सिप्रियन आणि 251 ची तिथली परिषद यांनी पश्चात्तापाची मुदत घालून परतीची वाट ठेवली. दाखलेवाल्यांना आधी, बळी देणाऱ्यांना मरणाच्या वेळी.

सोळाव्या शतकात युरोपातल्या धर्मसुधारणेच्या काळात मत्तय 18 पुन्हा पुढे आला. 1527 च्या श्लाइटहाइम कबुलीजबाबात अॅनाबॅप्टिस्टांनी (बालबाप्तिस्मा नाकारणाऱ्या पंथाने) ठरवले, की दोनदा खासगीत समज द्यावी, तिसऱ्यांदा सर्वांसमोर, आणि हे भाकर मोडण्याआधी, म्हणजे प्रभुभोजनाच्या विधीआधी, व्हावे. जिनिव्यात 1541 नंतर धर्मसुधारक कॅल्व्हिनच्या काळात पाळक आणि मंडळीचे वडीलधारे यांची सभा दर गुरुवारी बसे. तिच्याकडे प्रभुभोजनाला मनाई करण्याचा अधिकार होता आणि तो तिने कडकपणे वापरला. पण तिच्या दप्तरात नवराबायकोची, भावाभावांची, शेजाऱ्यांची भांडणेही भरपूर सापडतात. प्रभुभोजन वर्षातून चार वेळा होई, आणि त्याआधी या माणसांना समोरासमोर बसवून समेट घडवणे हेही त्या सभेचे काम होते.