डिशला झाकण घालायचं तर कुठलं?

जूनच्या तोंडावर नाशिकच्या गच्च्यांवर टीव्हीची डिश झाकायची लगबग सुरू होते. कुणी एलएनबीला (डिशच्या तोंडासमोरचा, सिग्नल पकडणारा डबा) पिशवी बांधतं, कुणी द्राक्षबागेतलं उरलेलं शेडनेट ताणतं, तर कुणी थेट फायबरग्लासची शीट ठोकून घेतं. कोरड्या, पातळ पिशवीने फारसं बिघडत नाही. शीटने मात्र बिघडू शकतं.

शीट जितकी जाड तितकं नुकसान जास्त, असं आपण धरून चालतो. पण घरगुती डिश ज्या केयू बँडवर (उपग्रहाच्या सिग्नलचा एक लहरपट्टा) चालते, तिथे १२ गिगाहर्ट्झला तरंगलांबी २५ मिलिमीटर असते आणि फायबरग्लासमध्ये ती आखडून १२च्या आसपास येते. शीट बरोबर ६ मिलिमीटरची असेल तर पुढच्या व मागच्या पृष्ठभागावरून परतणाऱ्या लहरी एकमेकींना मारतात आणि बहुतेक सिग्नल आरपार जातो. ३ मिलिमीटरच्या शीटमध्ये त्याच लहरी एकमेकींना बळ देतात. समोरून आलेली सुमारे ४० टक्के ऊर्जा परत फिरते. म्हणजे पैसे वाचवायला घेतलेली निम्म्या जाडीची शीटच महागात पडते.

दुसरा फटका मीटरवर पटकन दिसत नाही. आच्छादनाने ०.५ डेसिबल शोषले तर ११ टक्के सिग्नल जातो, शिवाय ते स्वतःचा तीसेक केल्विन गोंगाट (सिग्नलमधली खरखर; ती तापमानाच्या एककात मोजतात) मिसळतं. चांगल्या एलएनबीचा स्वतःचा गोंगाटच ५० केल्विनच्या घरात असतो! म्हणून रिसीव्हरवर ‘स्ट्रेंग्थ’ (सिग्नल आणि गोंगाट मिळून) जागेवर राहते आणि ‘क्वालिटी’ घसरते. बघायचा आकडा क्वालिटीचाच.

खरा शत्रू पाणी. आच्छादनावर पसरलेला पाण्याचा पातळ थर सिग्नल परतवतो आणि शोषतोही. शेडनेटच्या जाळीत थेंब अडकून बसतात. पाऊस थांबल्यावर चित्र लगेच सुधारलं तर दोष ढगांचा. आच्छादन वाळेपर्यंत अडकत राहिलं तर आच्छादनाचा. पावसाची वाट बघायची गरज नाही: कोरड्यात क्वालिटी लिहून ठेवा, पाठीवरच्या फवारणी पंपाने आच्छादन भिजवा, पुन्हा बघा.

चंदेरी, धातूचा मुलामा असलेला कागद किंवा धातूचा अंश असलेला रंग अजिबात नको. एलएनबीच्या तोंडावरची प्लॅस्टिकची टोपी उन्हाने तडकली असेल तर एलएनबी बदला, कारण आत शिरलेली ओल वाळत नाही. डिश उघडीच ठेवलेली बरी. झाकायचा तो कनेक्टर: त्यावर वॉटरप्रूफ टेप गुंडाळा आणि केबलला कनेक्टरच्या खाली एक वळसा द्या, म्हणजे पाणी तिथूनच गळून जाईल.